रेषा कुठे थांबते?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं बजावलं होतं, "मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांवर आधीच ढीगभर लेख आलेत. तू तुझ्या कामातलं काहीतरी लिही." माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यातलं बरंचसं वाचणाऱ्याला झोप आणणारं. पण त्या कामाच्या कडेकडेनं एक इतिहास मी गेली वीस-बावीस वर्षं हौसेनं जमवत आले आहे: समीकरणं लिहून चित्रं काढण्याचा. त्याची सुरुवात, निदान माझ्यापुरती, आपल्याच शाळेत झाली. १९९४ च्या बॅचला ती आठवेल.

जानेवारीतली प्रिलिम. संक्रांत नुकतीच झालेली, विजेच्या तारांवर फाटक्या पतंगांचे सांगाडे लटकलेले. बीजगणिताच्या पेपरात आलेखाचा नेहमीचा प्रश्न होता. दोन समीकरणं दिलेली, दोन रेषा काढायच्या, त्या जिथे छेदतात तो बिंदू म्हणजे उत्तर. उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं, अक्षांना नावं द्यायची, रेषांच्या दोन्ही टोकांना बाण काढायचे. आमच्या वर्गातल्या एकानं (नाव लिहीत नाही, वडील पाट्या रंगवायचे म्हणून आपण त्याला 'पेंटर' म्हणायचो, एवढं पुरे) दोन्ही रेषा बरोबर काढल्या, छेदनबिंदूही बरोबर काढला. मग त्या फुलीचा त्याला मोह पडला. रेषांची चारही टोकं त्यानं जोडून टाकली, खाली शेपटी लावली आणि आलेखाच्या कागदावर पतंग उडाला. बाईंनी तो कागद वर्गात उंच धरला. "बाण कुठे आहेत? रेषा संपत नसते. ही कुठे संपली रे?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. आलेखाचे सगळे गुण गेले. मार्चमध्ये पेंटरचं गणित राहिलं, ऑक्टोबरात पुन्हा राहिलं, आणि मग तो वडिलांची शिडी धरायला लागला.

बाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही. व्याख्येप्रमाणे रेषा संपत नाहीच. पण समीकरणांतून चित्र काढू पाहणारा प्रत्येक जण शेवटी बाईंच्या त्याच प्रश्नापाशी येऊन अडतो, हे मला पुष्कळ पुढे कळलं. समीकरणाला थांबणं ठाऊक नसतं. चित्राला मात्र कडा लागते.

समीकरण म्हणजे आकार, ही कल्पना तशी फार जुनी नाही. १६३७ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात रने देकार्त या फ्रेंच माणसाचं एक पुस्तक छापलं गेलं. त्याला जोडलेल्या तीन निबंधांपैकी एक भूमितीवरचा होता. त्याच सुमारास पिएर द फर्मा हा पेशानं न्यायखात्यातला गृहस्थ स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचला होता. पण त्याचं लेखन तो गेल्यावर, १६७९ साली छापलं गेलं, म्हणून नाव देकार्तचं लागलं. आपण देकार्तच्या नावानं जे काटकोनातले दोन अक्ष आणि चार चरण काढतो, ते त्या निबंधात तसे सापडत नाहीत. ऋण संख्यांशी तर त्या काळातल्या भल्याभल्यांचं जमत नव्हतं.

त्यातून एक गंमत झाली. १६३८ मध्ये देकार्तनं फर्माला डिवचण्यासाठी एक वक्र पुढे केला: क्ष³ + य³ = ३अक्षय. (एक्स-वायऐवजी मी इथे क्ष आणि य लिहिते आहे, आणि 'अ' ही कुठलीही एक ठरलेली संख्या.) या वक्राची स्पर्शिका काढून दाखव, असं आव्हान होतं. फर्मानं ती काढली, ते असो. मला रस आहे तो देकार्तच्या चित्रात. पहिल्या चरणात, म्हणजे क्ष आणि य दोन्ही धन असताना, हा वक्र एका पानासारखा दिसतो: आरंभबिंदूतून निघतो, वळसा घेतो आणि परत आरंभबिंदूत येतो. ते पान देकार्तला बरोबर सापडलं. मग उरलेल्या तीन चरणांतही अशीच तीन पानं असणार, असं त्यानं धरून चाललं. चार पाकळ्यांचं फूल! रोबेरव्हाल नावाच्या गणितज्ञानं तर त्याला जाईच्या फुलाचं नाव दिलं. प्रत्यक्षात तसं फूल नाहीच. एकच पाकळी आहे, आणि आरंभबिंदूपाशी वक्र त्या पाकळीतून बाहेर पडून दोन बाजूंनी दोन शेपट्या सोडत अनंताकडे निघून जातो. म्हणजे ज्याच्या नावानं आपण अक्ष काढले, त्याचंही बाणांकडे लक्ष नव्हतं. तिथे बाई नव्हत्या, इतकंच.

खरं फूल पुढच्या शतकात आलं. इटलीतल्या पिसा इथे शिकवणाऱ्या ग्विदो ग्रांदी या धर्मगुरूनं १७२८ साली भूमितीतल्या फुलांवर एक पुस्तकच लिहिलं. त्याची युक्ती क्ष-यची नव्हती, कोनाची होती. केंद्रापासूनचं अंतर हे कोनाच्या तिप्पट किंवा पाचपट कोनाच्या कोसाइनइतकं ठेवायचं आणि कोन फिरवत जायचं. तिप्पट घेतलं की तीन पाकळ्या, पाचपट घेतलं की पाच. पण दुप्पट घेतलं की चार आणि चौपट घेतलं की आठ. विषम आकड्याला तितक्याच आणि सम आकड्याला दुप्पट पाकळ्या का, हे ज्याला बसल्या जागी सांगता येईल त्याला बारावीचं त्रिकोणमितीचं प्रकरण समजलं असं मी समजते. हे फूल थांबतं, कारण कोन फिरून पुन्हा तिथेच येतो. पण घर काढायचं असेल, माणूस काढायचा असेल, पतंग काढायचा असेल, तर कोनाचा हा आयता थांबा उपयोगी पडत नाही.

पुढची अडीचशे वर्षं मी सरळ गाळते. गणित बरंच पुढे गेलं. आलेख मात्र हातानंच काढावे लागत. एका वक्राला वीस-पंचवीस बिंदू, प्रत्येक बिंदूला आकडेमोड. चित्रासाठी असे चाळीस वक्र काढायला कोण बसणार?

१९८५ साली जपानच्या कॅसिओ कंपनीनं एफएक्स-७०००जी हा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. आलेख काढून दाखवणारा, खिशात मावणारा, दुकानात मिळणारा हा पहिला. पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६४ ठिपके उंच. प्रोग्रॅम साठवायला ४२२ बाइट जागा. तुलनेसाठी सांगते, हा परिच्छेद साठवायलाही त्याहून जास्त जागा लागते. १९९० मध्ये अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं टीआय-८१ काढला आणि १९९६ मध्ये टीआय-८३. ओहायो स्टेट विद्यापीठातले फ्रँक डेमाना आणि बर्ट वेट्स हे दोन प्राध्यापक शाळाशाळांतल्या गणित शिक्षकांना ही यंत्रं वापरायला शिकवण्याच्या मागे लागले होते. १९९५ पासून तिथल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागायलाच लागला. परीक्षेत लागतो म्हटल्यावर घेणं आलंच. अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या दप्तरात आलेख काढणारं यंत्र शिरलं ते असं, परीक्षेच्या दारानं. दप्तरात आल्यावर मुलं त्याचं काय करणार, हे आपल्याला कंपासपेटीच्या अनुभवावरून माहीत आहे.

आपल्याकडे हे घडलं नाही. दहावीला कॅल्क्युलेटर नाहीच. इंजिनिअरिंगला साधा सायंटिफिक चालायचा. प्रोग्रॅम भरता येणारा किंवा आलेख काढणारा परीक्षेत बंद. त्यामुळे मी इंजिनिअर झाले तरी हे यंत्र हातात घेतलं नव्हतं. २००१ साली कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीत गेले आणि सुरुवातीचे दोन महिने एका मराठी कुटुंबाकडे राहिले. त्यांची मुलगी तिथल्या दहावीत होती. एका शनिवारी ती जेवणाच्या टेबलावर टीआय-८३ घेऊन वैतागून बसली होती. गृहपाठ होता: दहा समीकरणं वापरून चेहरा काढा. दहा, कारण त्या यंत्रात एका वेळी दहाच समीकरणं भरता येतात.

"मावशी, गोल येत नाहीये."

चेहऱ्याचा गोल आडव्या कलिंगडासारखा आला होता. त्याचं कारण सोपं होतं. पडदा रुंदीला जास्त आणि उंचीला कमी, पण दोन्ही अक्षांवर उणे दहा ते दहाच दाखवायचं ठरलेलं. मग आडवं एकक लांब आणि उभं एकक आखूड होणारच. यंत्रात ते सारखं करण्याची सोय होती, ती तिला सापडली. दुसरी अडचण जास्त मजेदार होती. हे यंत्र क्षच्या एका किमतीला यची एकच किंमत घेतं. वर्तुळात तर एका क्षला दोन य असतात, एक वर, एक खाली. म्हणून वर्तुळ अर्धं-अर्धं काढायचं: एक समीकरण वर्गमूळाचं, दुसरं उणे वर्गमूळाचं. आणि दोन अर्धी जिथे मिळायला हवीत, तिथे डाव्या-उजव्या टोकांना फट राहते. वर्तुळ तिथे जवळजवळ उभं चढतं, यंत्र मात्र एकेका उभ्या रांगेत एकदाच किंमत काढतं; टोकाची किंमत त्याच्या हातून निसटते. तिच्या चेहऱ्याला दोन्ही कानांच्या जागी भोकं होती. "कान ऐकायलाच असतात," म्हणून आम्ही ती तशीच ठेवली.

मग हसू काढायचं. हसू म्हणजे अन्वस्ताचा खालचा तुकडा. तिनं अन्वस्त भरलं आणि ते हसू गालातून, चेहऱ्यातून, पडद्यातून वर निघून गेलं. पेंटरचा पतंग मला तेव्हा आठवला. ही कुठे संपणार?

"थांब, आमच्या वर्गात सगळे करतात ते," असं म्हणून तिनं समीकरणापुढे भागाकाराचं चिन्ह दिलं आणि कंसात लिहिलं: क्ष मोठा उणे दोनपेक्षा, गुणिले, क्ष लहान दोनपेक्षा. मी सॉफ्टवेअरवाली, मला पहिला भाग कळला. यंत्रासाठी खरं विधान म्हणजे १, खोटं विधान म्हणजे ०. क्ष उणे दोन ते दोनच्या आत असेल तर दोन्ही विधानं खरी, एक गुणिले एक, भागिले एक, अन्वस्त आहे तसं. आणि बाहेर असेल तर?

"भागिले शून्य?" मी जवळजवळ ओरडले.

"हो. मग ते काढतच नाही."

तिनं बटण दाबलं. टीआय-८३ चा जीव लहान. आतली झिलॉग कंपनीची झेड-८० चिप सहा मेगाहर्ट्झवर चालते. रांगेमागून रांग, डावीकडून उजवीकडे, वक्र डोळ्यांदेखत उमटतो. पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग उणे दोनपाशी हसू सुरू झालं, खाली उतरलं, वर चढलं आणि दोनपाशी थांबलं. पुढे पुन्हा कोरं.

आपल्या बाईंनी आठवीपासून दहावीपर्यंत किती वेळा सांगितलं असेल, शून्यानं भागायचं नाही! तोच भागाकार त्या यंत्राच्या साध्या हिशेबाच्या पानावर केला तर ते चूक म्हणून दाखवतंच. पण आलेख काढताना ते अडत नाही. ज्या बिंदूला अर्थ नाही तो बिंदू सोडून पुढे जातं. हे मुलांच्या लक्षात आलं आणि त्यांनी निषिद्ध भागाकाराचं खोडरबर केलं. ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. ती वर्गावर्गांतून, चिठ्ठीसारखी, बाकांखालून पसरली असणार. मला तर तिचा शोध देकार्तच्या शेजारी बसवावासा वाटतो. पण मी पडले पक्षपाती.

त्याआधीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. रॉन अविट्झर हा अॅपलमध्ये कंत्राटावर काम करणारा प्रोग्रॅमर. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याचा प्रकल्प रद्द झाला. पगार बंद. पण प्रवेशाचा बिल्ला काही दिवस चालत राहिला, म्हणून तो रोज ऑफिसला जात राहिला आणि प्रकल्पातला आलेख काढणारा भाग स्वतःच पुरा करू लागला. त्याचा मित्र ग्रेग रॉबिन्स याचंही कंत्राट संपत आलं होतं. त्यानं वरिष्ठांना सांगितलं की आता मी रॉनच्या हाताखाली काम करतो. रॉन कोणाच्या हाताखाली आहे, हे कोणी विचारलंच नाही. पुढे त्यांची चोरी उघडकीला आली, बिल्ले बंद झाले, तर इतर लोक आत शिरताना त्यांच्या मागून हे दोघं शिरत. आतली काही माणसं गुपचूप तपासणी करून द्यायची. शेवटी ते सॉफ्टवेअर इतकं चांगलं निघालं की अॅपलनं आपल्या नव्या पॉवर मॅकिंटॉशमध्ये ते घालूनच विकलं. पुस्तकात लिहितात तसं समीकरण लिहायचं, की आलेख समोर. ते संगणक बाजारात आले मार्च १९९४ मध्ये. आपण तेव्हा बोर्डाच्या पेपरात पट्टीनं प्रमाण आखत होतो.

परत चित्रांकडे. २०११ साली जगभर एक समीकरण फिरलं: बॅटमॅनच्या वटवाघळाचं चिन्ह काढणारं. ओळीभर लांब, बघूनच छाती दडपावी असं. मी ते एका रविवारी सुटं करून बसले, आणि त्यात दहावीबाहेरचं जवळजवळ काही नव्हतं. पंखांची बाहेरची कड म्हणजे लंबवर्तुळ. त्याचा मधला भाग नको, म्हणून एक वर्गमूळ घातलेलं: आत क्षच्या केवल मूल्यातून तीन वजा केल्यावर जे येतं त्याचं केवल मूल्य, भागिले तेच. तीनच्या बाहेर हा भागाकार एक येतो, काही बिघडत नाही. तीनच्या आत उणे एक येतो, आणि उणे एकचं वर्गमूळ आलेखावर येत नाही. लंबवर्तुळ तिथे पुसलं जातं. म्हणजे शाळेतलं दुसरं निषिद्धही खोडरबर म्हणून कामाला आलं. आणि पंख, कान, डोकं असे सगळे तुकडे एकाच समीकरणात कसे बसवले? सगळे एकमेकांना गुणून शून्याबरोबर मांडले. गुणाकार शून्य असेल तर त्यातला एक तरी अवयव शून्य असतो, या वाक्यावर आपण वर्गसमीकरणं सोडवली होती. इथे त्याचा अर्थ होतो: बिंदू कुठल्या तरी एका तुकड्यावर असला की पुरे.

मी न्यू जर्सीत हसू कापत होते त्याच वर्षी, २००१ मध्ये, जेफ टपर या कॅनडातल्या संशोधकानं एक निबंध वाचला. विषय असा की, पडद्यावरचा एखादा ठिपका काळा हवा की पांढरा हे समीकरणावरून खात्रीनं कसं ठरवायचं, कारण ठिपक्याठिपक्याला किंमत काढणारी यंत्रं फटी सोडतात, चुका करतात (आमच्या चेहऱ्याचे कान!). त्या निबंधात उदाहरण म्हणून एक छोटं सूत्र होतं. क्ष ० ते १०६ आणि य एका ५४३ अंकी संख्येपासून पुढे १७ पर्यंत, एवढ्या खिडकीतून त्या सूत्राचा आलेख पाहिला तर तिथे तेच सूत्र अक्षरांत लिहिलेलं दिसतं! लोक हे पाहून चक्रावतात. मलाही पहिल्यांदा झोप लागली नव्हती. पण खरं सांगायचं तर ही हातचलाखी आहे. चित्र सूत्रात नाही, त्या ५४३ अंकी संख्येत आहे. १०६ रांगा, प्रत्येकीत १७ ठिपके. काळ्याला १, पांढऱ्याला ०, सगळे ओळीनं लिहून द्विमान संख्या करायची आणि १७ नं गुणायची. सूत्र फक्त ती उलगडून दाखवतं. तेवढ्या ठिपक्यांत बसणारं कुठलंही चित्र त्या आलेखात कुठे ना कुठे, कुठल्या तरी उंचीवर आहेच. आपल्या शाळेचं नावही आहे. मी शिरोरेषेसकट बसवून पाहिलं. पाचशेहून जास्त अंकांची संख्या आली. स्मरणिकेत छापा म्हटलं तर मैत्रीण म्हणाली, "जाहिरातीच्या दरानं पैसे भर."

२०११ मध्येच ईलाय लुबेरॉफ या तरुणानं डेस्मॉस सुरू केलं आणि हा सगळा खटाटोप फुकट, कुठल्याही संगणकावर, पुढे फोनवरही आला. मुलांची शून्यानं भागायची चोरटी युक्ती तिथे राजरोस झाली आहे. समीकरण लिहायचं आणि पुढे महिरपी कंसात हद्द लिहायची: क्ष उणे दोन ते दोन. बस. कंसाला मराठीत महिरपी म्हणतात हे मला इथे फारच शोभून दिसतं; चित्राला महिरप घालायचीच असते. २०२० पासून डेस्मॉसनं विद्यार्थ्यांसाठी चित्रांची जागतिक स्पर्धा भरवली. शेकडो समीकरणं जुळवून काढलेले चेहरे, प्राणी, रात्रीची शहरं त्यांत दिसतात. आणि परीक्षेचं दार इथेही सुटलं नाही: अमेरिकेची एसएटी आता संगणकावर होते आणि तिच्यात डेस्मॉस बसवलेलं आहे.

ही चित्रं जवळून पाहिली तर एक प्रकारचा वक्र त्यांत पुन्हापुन्हा दिसतो. त्याचा जन्म कॅल्क्युलेटरच्या आधीचा, फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांतला. बॉनेटचं वळण संगणकाला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यानं १९५९ मध्ये तो सोडवला; कंपनीनं ते गुपित ठेवलं. रेनोमध्ये पिएर बेझिए यानं साठच्या दशकात स्वतंत्रपणे सोडवला आणि प्रसिद्ध केला, म्हणून नाव त्याचं. फर्माचंच झालं पुन्हा. पद्धत कागदावर पट्टीनं करता येते. चार बिंदू घ्या, ओळीनं जोडा: तीन रेषाखंड. तिघांचे मध्यबिंदू जोडा: दोन रेषाखंड. त्यांचे मध्यबिंदू जोडा: एक. त्याचा मध्यबिंदू वक्रावर आहे. मध्याऐवजी एक तृतीयांश, एक चतुर्थांश असं घेत गेलात की वक्राचे बाकीचे बिंदू मिळतात. हा वाटा ० पासून १ पर्यंतच जातो, आणि म्हणून हा वक्र पहिल्या बिंदूपाशी सुरू होतो आणि चौथ्यापाशी संपतो. त्याला खोडावं लागत नाही. अक्षरांची वळणं संगणकात अशाच वक्रांनी साठवतात. तुम्ही आत्ता वाचताय त्या अक्षरांचीही.

गेल्या महिन्यात स्नेहमेळाव्याच्या फलकाचं बघायला मी पेंटरच्या दुकानात गेले. आता शिडी नाही, फ्लेक्सचं मशीन आहे, दोन मुलं हाताखाली आहेत. कोरल ड्रॉमध्ये तो शाळेच्या कमानीचं चित्र करत होता. एक बिंदू इथे टेकवला, एक तिथे, मग दोन्हींतून निघणारे दांडे ओढले आणि कमान वाकली. त्याच्या भाषेत बिंदू म्हणजे नोड. चार बिंदू: दोन टोकं, दोन दांड्यांची टोकं. मी बघत राहिले. मग म्हटलं, "तू हे काय करतोयस माहितीये? समीकरण सोडवतोयस. तिसऱ्या घाताचं."

"मग पस्तीस दे की आता," तो मान वर न करता म्हणाला.

मी त्याला पतंगाची आठवण करून दिली. त्याला ती होतीच. मी हसले होते हेही त्याला आठवत होतं. "सगळेच हसले गं," म्हणाला, आणि माउस हलवत राहिला. थोड्या वेळानं मी विषय बदलायचा म्हणून कमानीवरच्या बोधचिन्हाच्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. ते त्यानं वक्रात बदलून घेतलं होतं. त्याचे चार नोड चार बाजूंना दिसत होते. मी सांगितलं की असं चार तुकड्यांचं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं. बेझिएच्या वक्राला वर्तुळ तंतोतंत जमतच नाही. फरक फार थोडा, दहा फुटी वर्तुळ छापलं तरी अर्धा मिलिमीटरच्या आतला.

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. पडद्यावर बोधचिन्ह मोठं करून चारही नोडांपाशी नीट बघितलं.

"फ्लेक्सवर अर्धा मिलिमीटर कोणाला दिसतोय?" मी म्हटलं.

"बाई येणार आहेत ना?" तो म्हणाला. "त्यांना दिसेल."